वहिवाट

ओढ्याच्या अलीकडे निळा बाण, पलीकडे पिवळा.
निळा म्हणजे घोडा चालेल, सायकल चालेल.
पिवळा म्हणजे फक्त पाय.
वाट तीच. तोच चिखल, तेच नेचे,
काटेरी तारेला अडकलेली मेंढ्यांची तीच लोकर.
सत्तर वर्षांपूर्वी नकाशे रंगवायला बसले, तेव्हा
अलीकडच्या गावच्या कारकुनाकडे घोडी होती
आणि पलीकडच्याला गुडघेदुखी.
तो टेकडी चढलाच नाही.
शेगडीशी बसून लिहून मोकळा झाला: पायवाट.

मी कौन्सिलचा माणूस.
खिशात स्क्रू, बाणांच्या चकत्या, पाठीवर करवत.
वेल्सच्या या कोपऱ्यात वाटा अकराशे मैल
आणि आम्ही माणसं अडीच
(अर्धा म्हणजे डेल्विन, तो गुरुवारीच येतो).

नेरिस पावणेआठला येते, इस्पितळातली रात्रपाळी संपवून.
जाड टायर, हनुवटीपर्यंत चिखलाचे ठिपके.
ओढ्यापाशी कायदा संपतो, तिथे ती उतरते.
निदान मी दिसलो तर उतरते.
सायकल हाताने ढकलत वळणापर्यंत जाते,
आणि वळणापलीकडून मला ऐकू येते
फिरत्या चाकाची टिकटिक.
मी ऐकत नाही.

इडवल प्रॉसर ऐकतो.
बाकी सगळ्याला बहिरा, याच आवाजाला तिखट कानाचा.
म्हातारा कुणाच्या वाटेला जात नाही,
पण आम्ही सगळे त्याच्या वाटेला:
त्याच्या अंगणातून, गोठ्याच्या खिडकीखालून,
तो न्याहारी करत असताना.
मार्चमध्ये गाभण मेंढी बिथरून तारेत घुसली.
दोन कोकरं गेली. सायकल कोणाची, कोणी पाहिलं नाही.
तेव्हापासून फाटकाला सुतळी, सात गाठी,
वर पुठ्ठा: इथून वाट नाही.
मी सोडतो. सोमवारी पुन्हा सात.
एकदा त्याच्यासमोरच चाकू काढला, तर म्हणाला,
"कापू नकोस. सुतळी चांगली आहे."

मग नेरिसच्या क्लबाचा अर्ज आला: पिवळ्याचा निळा करा.
पुरावा हवा. इथून कधी कोणी घोडं नेलं होतं का,
वर्षानुवर्षं, न विचारता, न अडवता?
नेलं असेल तर ती वहिवाट.
गावात त्या काळातले पाचजण उरलेत.
चौघांना आठवत नाही.

इडवलच्या स्वयंपाकघरात फॉर्म ठेवला
आणि मनात म्हटलं, नाही म्हण, सुटू दोघंही.
त्याने चहा ओतला. बराच वेळ काही नाही.
"पुडिंग," तो म्हणाला.
"काय?"
"आईचं तट्टू. पुडिंग नाव.
दर शुक्रवारी लोणी घेऊन याच वाटेने बाजारात.
मी पुढे बसायचो, मानेचे केस धरून.
ओढ्यात ते अडून उभं राहायचं,
आई त्याला शिव्या घालायची,
चॅपल दिसलं की गप्प व्हायची."

हे लिहिलंत, मी म्हणालो, तर सायकली येतील.
हक्काने येतील. तुम्हाला अडवता येणार नाही.
त्याने पेनचं टोपण काढलं, परत लावलं, परत काढलं.
"मग काय लिहू?
माझी आई चालत गेली?"

निकालाला सहा वर्षं लागतील. रांग आहे.
तोवर बाण पिवळाच.

आज फाटकाशी गेलो तर गाठ एकच,
तीही सुरगाठ, घोड्यावरून न उतरता
एका हाताने ओढली की सुटणारी.
पुठ्ठा तोच. खाली पेन्सिलीने:
मेंढ्या एप्रिलपर्यंत गाभण. घंटी वाजवा.

अशी चकती आमच्याकडे नाही.

नेरिसच्या सायकलला घंटी नाही.
तिने दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
मग धुक्यात तोंड घालून
तोंडानेच म्हणाली, ट्रिंग ट्रिंग.
एका मेंढीने मान वर केली,
आणि पुन्हा चरू लागली.